सहा खिडक्या आणि खाली लिहिलेला ‘तीन’

ताई, नमस्कार. आम्ही कराडजवळ राहतो. माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे, मोठ्या शिशूत जातो. बालवाडी मराठी माध्यमाची, घराजवळच आहे. बाई प्रेमळ आहेत, मुलगा आनंदाने जातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सहा महिने होत आले, वहीचं एक पान भरलेलं नाही. गृहपाठ नाही. काय केलंस विचारलं की रोज एकच उत्तर, “खेळलो.” माझ्या जाऊबाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा. तो शंभरपर्यंत आकडे लिहितो, बाराखडी घडाघडा म्हणतो, बेचा पाढाही येतो. दिवाळीत सगळे जमलो तेव्हा सासऱ्यांनी दोघांना शेजारी बसवून विचारलं. आमचा गप्प बसला. त्या रात्री मला झोप लागली नाही. सासरे म्हणतात, हे खेळातून शिकणं म्हणजे परदेशी खूळ, पोराचं वर्ष वाया जाणार. यांचं म्हणणं, जानेवारीपासून लिखाण घेणाऱ्या शाळेत घालू, तोवर शिकवणी लावू. परवा त्याने काढलेल्या चित्राचा फोटो पाठवते आहे. सहा खिडक्या काढल्यात आणि खाली तीन लिहिलाय. अक्षरंही अर्धवट. जूनमध्ये पहिलीत जाईल. मी काय करू?
— एक आई

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि मग तो फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले. तुम्ही तो पुरावा म्हणून पाठवलाय, मुलाला काही येत नाही याचा. मला त्यात नेमकं उलटं दिसलं. म्हणून आधी त्या चित्राबद्दलच लिहिते.

लाल एसटी आहे. सहा खिडक्या. प्रत्येक खिडकीत एक डोकं. एकही खिडकी रिकामी नाही, एकीतही दोघं कोंबलेले नाहीत. ड्रायव्हर वेगळा, पुढे. खाली लिहिलंय ‘लल बस’. आणि कोपऱ्यात तुम्ही म्हणता तो तीन.

आपला मराठी तीन आणि मराठी सहा एका कागदावर शेजारी शेजारी लिहून बघा. ३ आणि ६. एकाला आरसा दाखवला की जवळजवळ दुसरा दिसतो. तुमच्या मुलाने खिडक्या मोजल्या, सहाच मोजल्या, आणि सहा लिहायला घेतला तेव्हा हात उलट्या बाजूला वळला. त्याला बोलता बोलता विचारा, “हा कितीचा आकडा रे?” बहुधा तो “सहा” असंच सांगेल. तसं सांगितलं, तर त्याचं मोजणं पक्कं आहे आणि चुकलीय ती फक्त दिशा.

ही दिशेची चूक या वयात इतकी सर्रास होते की तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जरा त्याच्या बाजूने विचार करा. पेला आडवा पडला तरी पेलाच असतो. खुर्चीचं तोंड दाराकडे असो की खिडकीकडे, ती खुर्चीच. पाच वर्षं त्याने डोळ्यांनी हेच शिकून घेतलंय. अक्षरं आणि आकडे या त्याच्या आयुष्यातल्या पहिल्याच वस्तू, ज्या फिरवल्या की वेगळ्याच होतात. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांचं हे आपोआप सुटतं. लाल पेनाने फुली मारून नाही सुटत.

आता ‘लल बस’. त्याने हे कुठे बघून उतरवलं असतं तर काना आला असता, कारण बघून काढताना मुलं रेघ सोडत नाहीत. काना राहिला याचा अर्थ त्याने मनातल्या मनात ‘लाल बस’ म्हटलं, एकेक आवाज सुटा केला, ल, पुन्हा ल, ब, स, आणि ज्या आवाजाला जे अक्षर त्याला माहीत होतं ते तिथे ठेवलं. चारही जागेवर आहेत, क्रमाने आहेत. वाचन-लेखन म्हणजे मुळात एवढंच असतं हो. काना, मात्रा, वेलांटी मागाहून येते. पहिली वेलांटी तर फारच त्रास देते मुलांना, कारण ती म्हणायची नंतर आणि लिहायची आधी. ‘किती’ लिहिताना कित्येक मुलं वेलांटी क च्या नंतर लावून मोकळी होतात. तेही कळवाल मला दोन-चार महिन्यांनी.

तुमची झोप उडवली ती शंभरपर्यंतच्या आकड्यांनी, म्हणून एक अनुभव सांगते.

मी नोकरीला लागले ती पहिली शाळा लिखाणासाठी नावाजलेली होती. मोठ्या शिशूतल्या मुलांना रोज दोन पानं. पालक खूश, मुख्याध्यापिका खूश, मीही खूश. एकदा एका मुलाच्या मागे उभी राहून बघत होते. एकवीस ते तीस लिहायला दिले होते. त्याने आधी पानाच्या वरपासून खालपर्यंत एकाखाली एक नऊ वेळा २ काढले. मग पेन्सिल पुन्हा वर नेली आणि त्या दोनांच्या शेजारी १, २, ३, ४ करत खाली उतरला. शेवटी ३० स्वतंत्र काढला. पान सुंदर दिसत होतं. मी मधल्या २७ वर बोट ठेवून विचारलं, “हे किती?” तो म्हणाला, “दोन आणि सात.” मी तेव्हा बरोबरची खूण केली आणि पुढे गेले. ते मला आजही खुपतं. त्या पोराने सत्तावीस लिहिलेच नव्हते, त्याने दोनची भिंत बांधली होती. नंतर मी बाकीच्यांच्या मागेही उभी राहिले. वर्गातली निम्मीअधिक मुलं तसंच करत होती.

तुमच्या पुतण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्याला खरोखर येत असेल, कौतुक करा. पण त्याला वीस चिंचोके देऊन “यातले बारा मला दे” असं कधी कुणी सांगून पाहिलंय का? शंभरपर्यंत लिहिणं आणि बारा मोजून देणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलीच्या गणिताला दुसरं लागतं.

आणि आपल्या भाषेतले आकडे तर मुलांची परीक्षाच बघतात. आपण म्हणतो ‘पंचवीस’. कानाला आधी पाच ऐकू येतात, मग वीस. हाताने मात्र आधी दोन लिहायचा. म्हणून मुलं पंचवीसचे ५२ लिहितात. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचं असतं वीसच्या घरातलं, म्हणून ३९. वीस ते शंभरमधलं जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन रूढ नावांबरोबर दिलं होतं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्यावर टीका झाली, विनोद झाले. मला मात्र त्या वेळीही वाटलं आणि आजही वाटतं की त्यांनी मुलांची अडचण बरोबर ओळखली होती. दुसरीतल्या मुलांसाठी ज्या गोष्टीचा एवढा विचार करावा लागला, ती सव्वापाच वर्षांच्या पोराकडून दिवाळीच्या फराळासमोर बसवून वदवून घ्यायची?

“खेळलो” एवढंच तो सांगतो, म्हणून त्या खेळात काय काय होतं ते तुम्हाला दाखवते. बालवाडी चांगली असेल तर सकाळ साधारण अशी जाते.

दारात चपला काढायच्या, जोडी जोडीने रांगेत लावायच्या. आत आल्यावर टोपलीतून स्वतःच्या नावाची पट्टी शोधून फळ्यावर लावायची. हे वाचनच. ‘स’ने सुरू होणारी तीन नावं असतील तर पहिल्या अक्षरावर भागत नाही, दुसऱ्याकडे बघावं लागतं. माझ्या वर्गात एक मुलगी चार दिवस मैत्रिणीचीच पट्टी लावत होती. पाचव्या दिवशी पट्टी हातात घेऊन उभी राहिली, दुसऱ्या अक्षरावर बोट ठेवलं, मान हलवली, पट्टी परत टाकून आपली उचलली. मी काही बोलले नव्हते. शिकण्याचा तो क्षण इतका बारीक असतो की दारातून बघणाऱ्याला दिसायचाही नाही.

मग हजेरी. बावीस पट्ट्या, एकोणीस लागल्या. टोपलीत किती राहिल्या? कुणीतरी मोजतं, तीन. म्हणजे आज किती जण आले नाहीत? या प्रश्नावर थोडा वेळ शांतता होते. पट्ट्या तीन म्हणजे मुलं तीन, ही उडी मोठ्यांना उडी वाटत नाही.

गोष्ट होते. बाई पुस्तक मुलांकडे तोंड करून धरतात, वाचताना ओळीखालून बोट फिरवतात. डावीकडून उजवीकडे जायचं, ओळ संपली की खाली यायचं, चित्र वेगळं आणि अक्षर वेगळं, हे कुणी शिकवत नाही, बोटामागून डोळे जातात. बडबडगीतात एकसारखे शेवट सापडतात. मग शब्दाला टाळ्या. क-म-ळ, तीन टाळ्या. आ-जी, दोन. स्वतःच्या नावाला किती, शेजारणीच्या नावाला किती, कुणाचं नाव लांब. तुमच्या मुलाने ‘लाल’चे दोन आवाज सुटे केले ते बहुधा इथेच शिकून. वहीत हे कुठे दिसणार?

भातुकलीच्या कोपऱ्यात भाजीचं दुकान चालतं. गिऱ्हाईक यादी आणतं, म्हणजे कागदावर चार रेघोट्या. पण ती यादी आहे, तिच्याकडे बघून माणूस बोलतो, हे त्याला कळलेलं असतं. डब्याच्या वेळी एक मूल वाट्या मांडतं, दुसरं प्रत्येक वाटीत दोन-दोन खजूर घालतं. एक वाटी कमी पडते, मग आणखी किती आणायच्या? आणि मातीकाम, मणी ओवणं, कात्रीने कापणं, ओल्या फडक्याने पाटी पुसणं, हे सगळं लिखाणाचं काम आहे. मनगटात आठ लहान हाडं असतात. पाचव्या वर्षी त्यातली काही अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊच असतात, एक्स-रेत उमटतही नाहीत. त्या हाताला रोज दोन पानं घासायला लावली की मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं, आणि ती पकड पुढे तिसरी-चौथीपर्यंत सुटत नाही. वाळूत बोटाने मोठं ‘ग’ काढलेलं मूल नंतर वहीत लहान ‘ग’ सहज काढतं. आपल्या जुन्या मास्तरांनी ‘ग म भ न’ अशी अक्षरं एकत्र बांधली ती उगाच नाही, वळणं सारखी म्हणून.

हे खूळ परदेशी नाही, हे सासऱ्यांना सांगा. आदराने सांगा, कारण त्यांची काळजी खरी आहे. गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं १९२० मध्ये. ताराबाई मोडक तिथे गेल्या, त्यांच्याबरोबर काम केलं, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीबाईंचं शिक्षण त्यांनी अभ्यासलं, पण इथे आणताना महागडी साधनं बाजूला ठेवली. १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू झालं, अनुताई वाघ तिथे आल्या, १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर मुक्काम हलला. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. बिया, शंख-शिंपले, खडे, पानं हीच साधनं. आज गावोगाव आपण ‘अंगणवाडी’ म्हणतो तो शब्द तिथला. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट सलग एक टप्पा धरला, त्यासाठीचा २०२२ चा अभ्यासक्रम आराखडाही खेळ, गोष्टी, वस्तू हाताळणं यांवरच उभा आहे. म्हणजे पहिली आणि दुसरीसुद्धा याच टप्प्यात येते. सासऱ्यांना हवं असेल तर चिंचोक्यांचा सारीपाट त्यांनाच मांडायला सांगा. त्यांच्याइतकं चांगलं कुणी खेळवणार नाही.

पण एक गोष्ट मी लपवणार नाही. ‘आम्ही खेळातून शिकवतो’ असं म्हणत नुसती मुलं सोडून देणाऱ्या बालवाड्याही मी पाहिल्या आहेत. चार तुटकी खेळणी, कोपऱ्यात बसलेल्या बाई, गोष्ट नाही, बोलणं नाही. तो खेळ नव्हे, ती राखण. तुमची बालवाडी कुठल्या प्रकारची आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुम्ही सांगू शकता. बाईंना विचारून एक सकाळ तिथे तासभर बसा. फळ्याकडे बघू नका, बाईंचे प्रश्न ऐका. “हे किती?” एवढ्यावर थांबतात का “तुला कसं कळलं?” असंही विचारतात? रोज पुस्तकातून गोष्ट वाचली जाते का? मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर पुस्तकं आहेत का? मुलाचं बोलणं बाई चित्राखाली लिहून ठेवतात का? ‘लल बस’ लिहिणारं मूल जिथून येतं तिथे काहीतरी नीट चाललेलं असावं, हा माझा अंदाज. पण तुम्ही जाऊन बघाच.

ते चांगलं दिसलं तर जानेवारीत शाळा बदलू नका. वर्षाच्या मध्यावर नवीन बाई, नवीन मुलं, आणि पहिल्याच दिवशी “याचं लिखाण मागे आहे” हा शिक्का. त्याने तो वाचन-लिखाणालाच कंटाळेल, ही मला खरी भीती आहे. शिकवणी तर नकोच. पहिलीच्या प्रवेशाला चाचणी असते असं कुणी घाबरवलं असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, हे माहीत असू द्या.

घरी करायचं ते थोडं सांगते. रोज पंधरा-वीस मिनिटं, त्याच्या कलाने.

अंगणात किंवा फरशीवर खडूने सरळ एका ओळीत दहा घरं आखा, एक ते दहा आकडे घाला. फासा टाका, सोंगटी हलवा. सापशिडी नंतर, तिच्यात ओळ मागे वळते आणि लहान मुलं गोंधळतात. एकच पथ्य पाळा. तो चारच्या घरात असेल आणि फाशावर तीन पडले, तर “एक, दोन, तीन” म्हणत जाऊ देऊ नका, घरातले आकडे म्हणवून घ्या, “पाच, सहा, सात.” सीगलर आणि रमणी या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना असाच एक ते दहाचा पट खेळवला होता. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. तेवढ्यानेही मुलांची संख्यांची समज लक्षात येण्याइतकी वाढली. अशी मुलं आकडा म्हणजे किती लांबचं घर हे सोंगटी हलवून शिकतात, पाठांतराने नव्हे.

दुसरं, झोपताना एक गोष्ट. पुस्तकातून, बोट फिरवत. तेच पुस्तक दहादा मागितलं तर दहादा वाचा. किराण्याची यादी करताना त्याला शेजारी बसवा, दोन शब्द त्याला लिहू द्या, कानामात्रेशिवाय लिहू द्या, आणि दुकानात त्या यादीतूनच वाचून सामान घ्या. ‘सखर’ लिहिलेलं असताना साखरच मिळाली, हे त्याला बघू द्या. उलटा सहा दुरुस्त करायचा असेल तर ताटात रवा पसरा, त्याचं बोट धरून मोठा सहा काढा, दोन-चारदा, हसत. बस.

कानाचं आणि डोळ्यांचं तेवढं एकदा बघून घ्या. हाक मारल्यावर वळतो का, टीव्हीच्या फार जवळ जाऊन बसतो का, त्याचं बोलणं परक्या माणसाला कळतं का. यातलं काही खटकलं तर डॉक्टरांना दाखवा, तिथे वाट बघू नये. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही.

आणि दिवाळीतल्या त्या प्रसंगाबद्दल. तो गप्प बसला कारण त्याला येत नव्हतं असं तुम्ही धरून चालला आहात. चार मोठी माणसं डोळे रोखून बसलेली असताना, शेजारचा भाऊ धाडधाड सांगत असताना, पाच वर्षांचं मूल गप्प बसणारच. त्याने बघितलं असेल की आईचा चेहरा उतरलाय. पुढच्या वेळी असं बसवलं, तर तुम्ही उठा, त्याला हाताला धरा आणि म्हणा, “चल, ताटं मांडूया, किती जण आहोत मोज.” तो मोजेल. सगळ्यांसमोर मोजेल.

तो चित्राचा कागद फेकला नसाल तर मागे तारीख घालून जपून ठेवा. मी फोटो अगदी जवळ आणून पाहिला तेव्हा एक गोष्ट दिसली, तुमच्या नजरेतून सुटली असेल. सहाव्या खिडकीतल्या डोक्याला त्याने वेणी काढलीय, आणि फक्त त्याच डोक्याला हसरं तोंड आहे. ती कोण, कुठे निघालीय, ते त्याला विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या समोर, चित्राखाली लिहा आणि बोट फिरवत त्याला वाचून दाखवा.